हॅलोविनचं डांगर आणि आजीचे पाय

शाळेचा निरोप सुनेच्या मोबाईलवर आला. तिने तो चहा गाळता गाळता वाचून दाखवला. एकतीस तारखेला दुसरीच्या वर्गात हॅलोविन होणार. प्रत्येकाने एक आख्खा लाल भोपळा आणायचा, कपडे काळे नाहीतर पांढरे घालायचे, आणि सुरीचं काम असल्यामुळे सोबत घरातलं एक मोठं माणूस यायचं.

"हे हॅलोविन काय असतं?" मी विचारलं.

"परदेशातला भुतांचा दिवस असतो, आबा. मुलं मुखवटे घालतात, भोपळ्याला तोंड कोरतात, आत दिवा लावतात."

"आपल्याकडं अमावस्या कमी पडल्या का? भुतंसुद्धा बाहेरून मागवायला लागली?"

सून हसली. म्हणाली, आता खेळातून शिकवतात. बिया मोजायच्या, वजन करायचं, गोष्ट लिहायची. यंदा दिवाळी उशिरा म्हणून शाळा चालू, नाहीतर हा दिवस सुट्टीतच निघून जातो. मी म्हटलं, गेला असता तर बरं झालं असतं.

मुलाची कंपनीत पहिली पाळी, सुनेचं ऑफिस. म्हणजे घरातलं मोठं माणूस मीच उरलो. मी चौथी शिकलेला. सगळं आयुष्य टेम्पो चालवला, पिंपळगावहून द्राक्षाचे क्रेट भरून मुंबईला. मुलाच्या शाळेत काही काम निघालं की मी बायकोला पुढं करायचो आणि आपण फाटकाबाहेर विडी ओढत उभा राहायचो. आता पुढं करायला ती नाही. मागच्या वर्षी श्रावणात गेली.

नातीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं सातपूरला दोन खोल्यांचं घर आहे. आतल्या खोलीत खाटेवर बायको आणि नात झोपायच्या, खाली सतरंजीवर मी. बायको गेली तरी नातीने खाट सोडली नाही. आजीच्या जागेकडं तोंड करून झोपायची. मला तेवढाच आधार होता, खोटं कशाला सांगू. आणि ह्या ऑक्टोबरात एक दिवस तिने उशी उचलली आणि आईजवळ झोपायला गेली. मी म्हटलं, मोठी झाली, पंख्याचा वारा पुरत नसेल. पण मग दिवसासुद्धा ती आत येईना. उंबऱ्यावर उभी राहून म्हणायची, "आबा, माझी कंपास द्या ना." कंपास तिच्यापासून चार हातांवर असायची.

बुधवारी तिला घेऊन गोदाकाठच्या बाजारात गेलो. लाल भोपळ्याला आमच्याकडं डांगर म्हणतात. विकणाऱ्या बाईकडं सगळ्या कापलेल्या फोडी होत्या. मी आख्खं मागितलं.

"आख्खं कशाला बाबा? नवस फेडायचाय?"

"शाळेत भूत बनवायचंय."

"मराठी शाळा का इंग्लिश?"

"इंग्लिश."

"मग बरोबर आहे," म्हणाली आणि पोत्यामागून एक गोल, चांगलं जड डांगर काढून दिलं.

येताना रिक्षात नातीने ते मांडीवर घेतलं होतं. त्यावर हात फिरवत, माझ्याकडं न बघता तिने विचारलं, "आबा, आजीचे पाय आता उलटे झाले असतील का?"

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्गात महिनाभर हॅलोविनची तयारी चालू होती. मिसने पांढऱ्या कागदाची भुतं करून भिंतीला लावली होती. शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, माणूस मेलं की भूत होतं, तुझी आजी मेली म्हणजे ती पण झाली. नात म्हणाली, मिसच्या भुतांना तर पायच नाहीत. मैत्रीण म्हणाली, ती बाहेरची भुतं. इंडियाच्या भुतांना पाय असतात, पण उलटे. टाच पुढं, बोटं मागं.

"कोण आहे ती कार्टी? थोबाड फोडतो तिचं."

नात डांगराचं देठ चाचपत बसली. माझं तोंडच तसं आहे. टेम्पोवाल्यांत राहून झालेलं. पोरीने इतक्या दिवसांनी तोंड उघडलं आणि मी ते बंद केलं. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडं पाहिलं. त्याला काय वाटलं असेल ते असो.

मला काय वाटलं ते सांगतो. बायको गेली ते मी सोसलं, अजून सोसतोय, त्याला इलाज नाही. पण ही पोर तिच्या कुशीत वाढली. दात येत होते तेव्हा तिच्याच खांद्याला चावायची. आज ना उद्या मीही जाईन. मग हिच्या डोक्यात आजी म्हणून काय राहणार? उलट्या पायांची बाई? दाराआडून बघणारी? असं झालं तर त्या माउलीने केलेलं सगळं फुकट गेलं. हे काही करून व्हायला नको होतं. आणि ते थांबवायचं कसं, हे मला येत नव्हतं. घरात बोललो असतो तर सुनेने शाळेत फोन केला असता, मुलाने पोरीला रागावलं असतं, आणि भीती तिथंच बसून राहिली असती.

एकतीस तारखेला इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. टोपी घातली. घरातली मोठी सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घेतली. फाटकावर वॉचमनने पिशवी उघडली.

"आजोबा, शाळेत सुरी?"

"डांगर दाताने कापू का?"

त्याने सोडलं.

वर्ग सजवलेला होता. काळ्या कागदाची वटवाघळं दोऱ्याला लटकलेली, खिडक्यांना कापसाची जाळी, भिंतीवर ती पांढरी भुतं. मी आधी त्यांचे पाय बघितले. खरंच नव्हते. नात काळा फ्रॉक घालून माझ्या शेजारी उभी होती, पण बाकीच्या पोरांसारखी उड्या मारत नव्हती. मिस म्हणजे पंचविशीची पोरगी, चष्मेवाली, घसा बसलेला. कपाळावर काळ्या रंगाचा कोळी काढून घेतला होता. मी ठरवून गेलो होतो की हिला दोन शब्द सुनावायचे. पण ती एका हाताने रडणाऱ्या पोराचं नाक पुसत होती आणि दुसऱ्या हाताने बादली ओढत होती. म्हटलं, राहू दे, नंतर बघू.

पहिला प्रश्न बादलीचा होता. डांगर पाण्यात टाकलं तर तरंगेल का बुडेल? पोरांनी हात वर केले. मिस म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा."

"बुडणार. एवढं जड आहे."

टाकलं, तर ते डुलत वर राहिलं. सगळा वर्ग मला हसला. नातसुद्धा हसली, तोंडावर हात धरून. मिसने सांगितलं की आत पोकळी असते, हवा असते. मी म्हटलं, बरं बाई.

मग कापायची वेळ आली. टेबलांवर डांगरं मांडली, प्रत्येकापाशी एक मोठं माणूस. बहुतेक आयाच होत्या. जीन्सवाल्या, ओढणीवाल्या, एकीच्या कानात ते फोनचं बोंड. आणि सगळ्या सुऱ्या हातात घेऊन उभ्याच. एकमेकींकडं बघताहेत, हसताहेत, पण सुरी कोणी लावेना.

मला लगेच कळलं. आख्ख्या डांगराला बाईने पहिली सुरी लावायची नसते. पुरुषाने एक चीर द्यायची, मग पुढचं बाईने बघायचं. आमच्या घरात हीच माझी स्वयंपाकातली एकमेव नोकरी. मी मुंबईहून रात्रभर गाडी चालवून आलेलो असायचो, चप्पल पायातून निघालेली नसायची आणि आतून आवाज यायचा, "अहो, सुरी लावता का?" दोन दोन दिवस डांगर चुलीशेजारी तसंच बसलेलं असायचं माझी वाट बघत. शेजारच्याला बोलावून घे म्हटलं तर म्हणायची, "त्याच्या घरी आहे की त्याचं डांगर." मी कधी विचारलं होतं, असं का गं? तर म्हणाली, "पोट आहे ते. आत पोरं भरलेली असतात बियांची. बाईनं बाईच्या पोटाला सुरी कशी लावायची?" हे तिला कोणी सांगितलं की तिनेच जुळवलं, मला माहीत नाही. ती घोटीकडची, तिकडं असं काही बोलत असतील.

कानात बोंड असलेली बाई म्हणाली, "काका, प्लीज तुम्ही सुरुवात करून द्या ना. मी असलं काही मानत नाही, पण सासूबाईंना कळलं तर..."

"आणि मी मानते," दुसरी म्हणाली. "मला काही लाज नाही."

मिस हळूच म्हणाली, "माझं पण द्या आजोबा. मी सायन्स शिकवते, पण घरी वॉचमनदादांकडूनच चिरून घेते."

एका आईने मात्र सरळ सुरी घातली. "आमच्या घरी हे काही पाळत नाहीत काका," म्हणाली, आणि झाकणासारखा वरचा भाग असा गोल काढला की मी बघत राहिलो. बाकी सगळ्या डांगरांना मी टेबलाटेबलावर जाऊन पहिली चीर दिली. कोणी म्हणत होतं, "काका इकडे," कोणी "आजोबा, आमचं राहिलं." खूप दिवसांनी कोणी मला असं हाकारत होतं. शेवटच्या दोन डांगरांपाशी मला सुरी नीट दिसेना. चष्मा पुसला आणि पुढं गेलो.

पोरांनी आत हात घालून बिया काढल्या. चिकट लागतं म्हणून किंचाळली, मग तेच आवडायला लागलं. दहा-दहा बियांचे ढीग करून मोजायचं होतं. आधी अंदाज लिहायचा, मग मोजून बघायचं. माझी नात मोजताना जीभ बाहेर काढते, आजीसारखीच. डोळे, नाक, दात आयांनी आणि मी कापले. आमच्या डांगराचा एक डोळा मोठा झाला. नात म्हणाली, "चालेल, तो डोळा मारतोय."

मग पडदे ओढले. प्रत्येक डांगरात बॅटरीचा छोटा दिवा ठेवला. खरंच बरं दिसत होतं, सगळी तोंडं पिवळी पिवळी उजळलेली. पोरं खाली मांडी घालून बसली. मिस म्हणाली, "आता स्टोरी टाइम. आजोबा, तुम्हाला येत असेल ना एखादी भुताची गोष्ट? मराठीतच सांगा, आज चालेल."

"भूत! भूत! भूत!" पोरं ओरडायला लागली.

मी नातीकडं बघितलं. ती ओरडत नव्हती. माझ्याकडं टक लावून बघत होती आणि फ्रॉकची कड मुठीत धरली होती.

"मी कसारा घाटात रात्रीबेरात्री टेम्पो चालवला," मी म्हटलं. "एकदाही भूत भेटलं नाही. पोलीस भेटले."

आया हसल्या. पोरांना हे पटलं नाही. "मग गोष्ट कशी होणार?" एक जण म्हणाला.

"तिकडच्या लोकांकडं मेलेली माणसं एका दिवशी येतात म्हणे. आपल्याकडं पंधरा दिवस येतात, पितरांचे पंधरा दिवस. आणि ती येतात जेवायला."

"भूत जेवतं?"

"भूत कुठं म्हटलं मी? घरचं माणूस. पाहुण्यासारखं येतं, जेवतं, जातं. आता हिची आजी." मी नातीकडं बोट केलं. "बाई नवऱ्याच्या आधी गेली की त्या पंधरवड्यात नवमीला तिचं पान वाढतात. आमच्याकडं ह्या वर्षी वाढलं. खीर केली, वडे केले, ह्याच डांगराची भाजी केली. गच्चीवर पान ठेवलं. कावळा आला. खिरीत चोच घातली, मान झटकली, खीर सोडून भाजीवर गेला. आता हिच्या आजीला खीर अजिबात आवडत नव्हती. जन्मभर दुसऱ्यांसाठी केली, स्वतः चमचाभर खाल्ली नाही."

"म्हणजे कावळा म्हणजे आजी?"

"ते मला काय माहीत. खीर सोडली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं."

"आणि वडा नेला!" नात एकदम बोलली. "आख्खा नेला. शेजारच्या टाकीवर बसून खाल्ला. बाबा म्हणाले, आईला भूक लागली होती."

वर्ग हसला. तीही हसली. मला वाटलं झालं. पण तिच्या शेजारी दोन वेण्यांची, पुढचे दात पडलेली एक पोर होती, तिने हात वर केला. तीच ती मैत्रीण, मी ओळखलं.

"पण आजोबा, भुतांचे पाय उलटे असतात ना?"

नात परत तशीच झाली. मूठ आवळलेली. आणि माझ्या लक्षात आलं की ही काही कार्टी वगैरे नाही. हिलाही भीतीच वाटत होती. चेहऱ्यावर दिसत होतं.

"असतील बाळा," मी म्हटलं. "मी भूत पाहिलं नाही. हिच्या आजीचे पाय पाहिले आहेत. शेवटी तिच्या पायांना सूज यायची. मी खोबरेल तेल लावून दाबायचो. आधी दाबू देत नव्हती. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो, मला पाप लागेल, म्हणायची. पाय ओढून घ्यायची. मी म्हटलं, पाप मला लागू दे, तू गप पड. मग ऐकायला लागली. गेली त्या दिवशी सकाळीसुद्धा तिचे पाय माझ्या मांडीवर होते. टाचेला भेगा होत्या, बोटात जोडव्यांचे व्रण होते. सरळ होते. मी स्वतः हातात धरलेले आहेत, तर दुसऱ्या कोणाचं मी का ऐकू?"

मिसने चष्मा काढून हातात घेतला होता. मला वाटलं, चुकलं आपलं, पोरांपुढं हे बोलायचं नव्हतं. तेवढ्यात मागून एक पोरगा म्हणाला, "माझ्या आजोबांचा एक पाय प्लास्टिकचा होता."

"खरं?"

"हो. रात्री काढून दाराशी ठेवायचे. मांजर त्यात झोपायची."

मग कोणाला थांबवता येईना. एकीची पणजी तपकीर ओढायची. एकाचा काका क्रिकेट बघताना टीव्हीवर चप्पल फेकायचा. एकाने विचारलं, कुत्रा गेला असेल तर चालतो का? मी म्हटलं, चालतो. दोन वेण्यांच्या पोरीने सांगितलं की तिची मावशी गेली, मे महिन्यात, आणि घरात तिचं नाव घेतलं की आई उठून जाते. हे ती अगदी हळू म्हणाली. माझी नात तिच्याकडं सरकून बसली.

मिसने फळ्यावर लिहिलेलं इंग्रजी पुसलं. म्हणाली, आज स्पूकी स्टोरी लिहायची होती, ती राहू दे. आपापल्या भोपळ्याच्या चित्राखाली लिहा, की तुमचं माणूस जेवायला आलं तर तुम्ही काय वाढाल. पोरं लिहायला लागली. कोणी मिसळ, कोणी पिझ्झा, कुत्र्यावाल्याने पार्ले बिस्किट. दोन वेण्यांच्या पोरीने तीन वेळा खोडलं आणि शेवटी लिहिलं, आंबट कैरी. मिसला मी जे दोन शब्द सुनावणार होतो ते राहूनच गेले. निघताना ती म्हणाली, "आजोबा, पुढच्या वर्षी पण या." मी म्हटलं, "जगलो तर." माझं तोंडच तसं.

उशीचं आत्ताच सांगून टाकतो. त्या दिवशी ती परत आली नाही. नात आईजवळच झोपली. मग एकदा दुपारी येऊन नुसती खाटेवर बसली, एकदा आत बसून अभ्यास केला, आणि दिवाळीच्या आसपास कधीतरी उशी आली.

पण मला शाळेतून घरी येतानाचं जास्त आठवतं. घर जवळ आहे, चालतच निघालो. ऊन होतं. पिशवीत डोळा मारणारं डांगर होतं, त्याची भाजी करायची की ठेवायचं ह्यावर आमचं भांडण चाललं होतं. मध्येच ती थांबली.

"आबा, तुम्ही वर्गात खोटं बोललात."

"काय खोटं बोललो?"

"आजीचे पाय सरळ नव्हते. बाहेर होते. अशी चालायची ती." आणि तिने दप्तर माझ्या हातात दिलं, कमरेवर एक हात ठेवला, दोन्ही पावलं बाहेर टाकली आणि डुलत डुलत चालायला लागली.

मी रस्त्यात उभाच राहिलो. खरंच अशी चालायची. भाताच्या खाचरात वाकून वाकून गुडघे गेलेले, त्यामुळं आधी एका बाजूला कलायची, मग दुसऱ्या. मी तिला बदक म्हणायचो, ती मला लाटणं दाखवायची.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पण उजवा अजून बाहेर टाक."

"असा?"

"हां. आणि मान जरा पुढं."

"तुम्ही पण चाला ना आबा."

मग मी पण चाललो. एका हातात दप्तर, एका हातात डांगराची पिशवी, आणि पावलं बाहेर टाकून. कोपऱ्यावर इस्त्रीवाला बसतो, त्याने इस्त्री वर धरून बघितलं.

"काय झालं काका? पाय मुरगळला का?"

"नाही हो," नात पुढूनच ओरडली, वळूनसुद्धा पाहिलं नाही. "आम्ही आजीचं चालणं चालतोय."

तिला छान जमलं होतं. मला चार पावलंही नीट येईनात. चाळीस वर्षं मी त्या चालीच्या पुढं पुढं चालत आलो, मागं वळून ती कधी नीट पाहिलीच नव्हती. म्हणून मी थोडा मागं राहिलो, आणि पोर टाकते तसं पाऊल टाकत घरापर्यंत गेलो.